धाब्याची खोली

निंबोळा, पो. तीर्थपुरी,
ता. अंबड, जि. जालना
२८ मार्च १९८८

ती. काकासाहेबदादा यांस,
भुजंगचा नमस्कार.

बातमी वाईट आहे म्हणून आधी लिहितो की घरात सर्व माणसे ठीक आहेत. नाना आहेत तसेच आहेत. उजवे अंग अजून हलत नाही, बोलणे समजत नाही. बिघडले आहे ते तुमच्या ढेपांचे.

सगळे पहिल्यापासून लिहितो, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला औरंगाबादेत बसून पाहता येईल. हिवाळ्यात तुम्ही इथे राहून म्हशींच्या दुधाच्या ज्या सोळा ढेपा बांधल्या (गावात कोणी चीज म्हणत नाही, गुळासारख्या दिसतात म्हणून सगळे ढेपाच म्हणतात), त्या आपण जुन्या पेवात ठेवल्या. तुम्ही म्हणालात, जमिनीखाली बारा महिने गार असते, पुण्याच्या डेअरीत त्यासाठी मोठे यंत्र लागते आणि इथे आजोबांनी फुकट खणून ठेवले आहे. तुम्ही गेल्यापासून मी दर बाजाराच्या दिवशी पेव उघडून प्रत्येक ढेप उलटी करत आलो. आधी दोरीने कंदील सोडतो. तो जळत राहिला तरच उतरतो.

परवा कंदील विझला. तोंड उघडे ठेवून वाट पाहिली, दुपारी पुन्हा सोडला तेव्हा जळाला. उतरलो तर भिंतींना पाझर सुटलेला. बोट लावले की माती बोटाला येत होती. खालचा कडबा काळा पडून कुजला होता. तीन ढेपा फुटल्या आहेत. बाकीच्यांवर हिरवी आणि काळी बुरशी चढली आहे, हाताला बुळबुळीत लागतात आणि भिजलेल्या गोधडीसारखा वास येतो. तुम्हाला विचारल्याशिवाय मी काहीही पुसलेले किंवा खरवडलेले नाही.

एक गोष्ट मी तेव्हाच सांगायला हवी होती. कालवा आल्यापासून गावात कोणी पेवात जोंधळा टाकत नाही. पाण्याची पाळी सुटली की जमीन आतून ओली होते. तुम्ही गाव सोडलेत तेव्हा कालवा नव्हता, म्हणून तुमच्या डोक्यातले पेव कोरडे होते. तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात की मला मध्ये बोलता आले नाही. नानांनी मात्र सांगण्याचा प्रयत्न केला होता असे आता वाटते. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी ते तांब्यात डावा हात बुडवून सारखे भिंतीला लावत होते. तुम्ही हसून म्हणालात, म्हातारा सारवायला लागला.

सध्या सर्व ढेपा धाब्याच्या खोलीत नानांच्या बाजेखाली ठेवल्या आहेत. घरात मातीच्या धाब्याची तेवढी एकच खोली, बाकी सगळे पत्रे, त्यामुळे गारवा तिथेच आहे.

आता काय करावे ते लगेच कळवावे. तुम्ही एकदा येऊन गेलात तर फार बरे. शहागडच्या मंडळींना मी काही सांगितलेले नाही. मला तुमच्याकडे नोकरी लागणार या बोलीवरच त्यांनी बेबीनंदाचे माझ्याशी ठरवले आहे.

आपला,
भुजंग


औरंगाबाद
३ एप्रिल

भुजंग,

तुझं पत्र मिळालं. अक्षर मोत्यासारखं आहे. तीन वेळा दहावीला बसून तेवढंच पदरात पडलं.

पेवाला ओल येते हे तुला माहीत होतं आणि तू गप्प राहिलास. जनावराला चुकीच्या खुंट्याला बांधलं तर ते निदान मान हिसडतं. असो. आता पुढचं बोट ठेवून वाच.

फुटलेल्या तीन गेल्या. त्यांचा आतला चांगला भाग कापून घे आणि नानाला भरव, दात नाहीत त्याला मऊ बरं पडेल. बाकीच्यांना चाकू लावायचा नाही. साल निघाली की ढेप संपली. पाणी उकळून गार कर, त्यात खारट लागेल इतकं मीठ घाल, फडका पिळून रोज बुरशी पुस. चिरा पडल्यात तिथं तूप दाबून भर. फळ्यांवर मांड, एकीचा दुसरीला स्पर्श नको. रोज उलटव. जमिनीवर पाणी मार, दाराला आणि झरोक्याला ओलं पोतं लाव, ते वाळता कामा नये.

आणि खोलीत माणूस नको. अंगाची, मुताची, औषधाची घाण ढेप ओढून घेते, मग कितीही पुसली तरी जात नाही. नानाची बाज पत्र्याखाली काढ. उन्हाळा चार दिवसांचा आहे.

मला यायला सवड नाही. मी कामाला आहे त्या हॉटेलातल्या साहेबाला मी सांगून ठेवलंय. दहा जूनला तो स्वतः गाडी घेऊन निंबोळ्याला येतो आहे, परदेशी पाहुण्यांसाठी माल बघायला. त्याला पटलं तर घनसावंगीला जागा घेऊ आणि तू भांडारावर. नाही पटलं तर शहागडवाल्यांना काय तोंड दाखवायचं ते तू बघ.

काकासाहेब


निंबोळा
१२ एप्रिल

ती. काकासाहेबदादा यांस,
नमस्कार.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे सर्व केले आहे.

नानांची बाज मी आणि शेजारच्या कारभारीने उचलली. दारातून काढताना नानांनी डाव्या हाताने चौकट धरली. त्या हातात अजून खूप जोर आहे. आधी मला वाटले हात अडकला, म्हणून बाज मागे घेतली. पुन्हा नेली तर पुन्हा धरली. शेवटी मी एकेक बोट सोडवले. कारभारी दुसरीकडे पाहत होता.

आईने विचारले, "किती दिसांसाठी?" मी तुमच्या पत्रातले वाक्य वाचून दाखवले, चार दिवसांचा उन्हाळा. ती म्हणाली, "मंग पाचव्या दिशी आत आणायचं." आज पाचवा दिवस होऊन गेला. सकाळपासून ती दोनदा बाजेजवळ जाऊन पत्र्याकडे बघून आली.

बाज मी पत्र्याच्या मधोमध ठेवली आहे, कारण कडेला ऊन येते. वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या आहेत. तिन्ही बाजूंना ओली पोती बांधली आहेत. झुंबरबाई पाण्याला जाताना थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "लोकं म्हैस उन्हात बांधून म्हाताऱ्याला सावलीत ठेवत्यात. तुमच्यात दुधालाच सावली देऊन राह्यले." हापशावरच्या बाया हसल्या. मीही हसलो, कारण न हसता उभे राहणे अवघड होते.

ढेपांची प्रगती चांगली आहे. पहिल्या दिवशी फडका काळा निघाला, दुसऱ्या दिवशी हिरवा, आता पिवळसर निघतो. बुळबुळीतपणा गेला. चिरांमध्ये तूप भरले आहे. फळ्या बाभळीच्या आहेत, मी त्या खडीमिठाने घासून दोन दिवस उन्हात वाळवून घेतल्या. ते तुम्ही लिहिले नव्हते, पण चूक नसावी. चूक असेल तर कळवावे.

फुटलेल्या ढेपांमधला चांगला भाग नाना फार आवडीने खातात. मी सकाळ-संध्याकाळ बोटाने भरवतो. माझी सावली दिसली की तोंड उघडतात. गळ्यातल्या माळेवर कण पडला तर तोसुद्धा उचलून खातात. त्यांच्या तब्येतीत फरक दिसतो, असे आईलाही वाटते. तुमच्या हातचे आहे असे मी त्यांना सांगितले. त्यांना समजले, कारण त्यांनी मान हलवली.

एक विचारायचे आहे. दुपारच्या वेळी पत्र्याखाली फार तापते. तेवढा वेळ नानांना आत आणले तर चालेल का? मी त्यांना स्वच्छ पुसून, धुतलेले धोतर नेसवून आणीन. वास येणार नाही याची काळजी मी घेईन.

आपला,
भुजंग


औरंगाबाद
२० एप्रिल

भुजंग,

नाही. एक दुपारसुद्धा नाही.

धुतलेलं धोतर म्हणे. तू त्याला अत्तर लावलंस तरी दोन वर्षं बाजेवर पडलेल्या माणसाचा वास तो वास. साहेब ढेप चाखण्याआधी हुंगतो. त्याच्या नाकात म्हातारा गेला की मी इथं भांडी घासायला मोकळा.

आणि पोती कुणाच्या पाण्यानं ओली करतोस? हापशाला पाणी किती येतं मला माहीत आहे. ढेपांची पोती आधी. उरलं तर नानाची.

तुला फार कळवळा येतो आहे म्हणून सांगतो. आईबाप गेल्यावर मी तुमच्या घरी आलो तेव्हा सहा वर्षांचा होतो. तू जन्मायचा होतास. मला कुठं झोपवायचे, विचार काकीला. त्याच पत्र्याखाली. धाब्याच्या खोलीत काकी, बाहेर मी. सहा उन्हाळे काढले. मी मेलो नाही. तुझ्या बापानं, या नानानंच, तेव्हा माझ्यासाठी पोती भिजवलेली मला आठवत नाहीत.

फळ्या घासल्यास ते बराबर केलंस. न विचारता केलंस ते बराबर नाही.

काकासाहेब


निंबोळा
४ मे

ती. काकासाहेबदादा यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र आले त्या दिवसापासून पोत्यांचे पाणी तुम्ही सांगितले तसे वापरतो. हापसा आता एका वेळी दोन घागरी देतो आणि मग नुसता आवाज करतो. पहिली घागर आत जाते. दुसरीतले पिण्याचे काढून जे उरते ते बाहेरच्या पोत्यांना. ती दुपारआधीच वाळतात.

ढेपा उत्तम आहेत. साल टणक झाली आहे, रंग करडईच्या तेलासारखा. वाकून हुंगले तर भाजलेल्या भुईमुगाचा वास येतो. मला त्यातले फारसे कळत नाही, पण मला तो वास आवडतो, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

नानांना चार दिवसांपासून ताप आहे. तीर्थपुरीचे डॉक्टर आले होते. पत्र्याखाली पाय ठेवला आणि म्हणाले, आधी याला इथून हलवा, मग मला बोलवा. गोळ्या दिल्या. जीभ कोरडी पडते, मी ओला बोळा फिरवतो. ढेपेचा घास मात्र अजून घेतात. दुसरे काही घेत नाहीत.

पत्र्याविषयी तुम्ही लिहिलेत ते मी आईला विचारले. तुम्ही विचार असे म्हणालात म्हणून. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत काही कमीजास्त होईल:

"त्याला धाब्यात इच्चू चावल्ता. आल्यावर महिन्याभरातच. त्या दिसापासून रात झाली की आत जायचा न्हाई, उंबऱ्यावर पाय रोवून किंचाळायचा. मंग ह्यांनी बाज बाहेर काढली अन् त्याच्यासंगं पत्र्याखाली झोपायला लागले. सा वर्सं. मी आत एकली. त्याला लिव्ह, की तुला झोप लागली की ह्ये रातभर पंखा हलवत बसायचे, म्हून तुला पोतं लागलं न्हाई."

मी लहान मुलांना सगळे आठवत नाही असे म्हणालो. तुमच्या डाव्या पायाच्या घोट्यावर डागल्याची खूण आहे, ती त्या विंचवाची, असेही तिने सांगितले. ती खूण तुम्ही पाहू शकाल.

आता तिने ठरवले आहे की येत्या सोमवारी नानांना आत घ्यायचे. ढेपा कुठे ठेवायच्या विचारले तर म्हणाली, उकिरडा मोकळा आहे. मी तिला तुमचे उत्तर येईपर्यंत थांबवले आहे. दादा, फक्त रात्रीपुरते नको, दुपारपुरते नको, एका कोपऱ्यात आणि मध्ये पडदा लावून त्यांना राहू द्यावे, अशी विनंती आहे. मी सारखा तिथेच असेन. वास आला तर सर्वांत आधी मला येईल.

आपला,
भुजंग


औरंगाबाद
११ मे

भुजंग,

विंचवाची गोष्ट चांगली जुळवली आहे. काकीला सांग, खूण तव्याचीही असू शकते.

आता तुला एक विचारतो. हिवाळ्यात दूध विरजताना मी निळ्या बाटलीतलं औषध घालायचो, त्यात काय होतं ते तू कधी विचारलं नाहीस. तेवढी तुझी अक्कल. वासराच्या पोटातून काढतात ते. वासरू जिवंत ठेवून काढता येत नाही. त्याशिवाय दुधाची अशी ढेप बांधत नाही, साऱ्या जगात असंच करतात. मला त्यात काही वाटत नाही. पण नानाच्या गळ्यात माळ आहे. आणि महिनाभर त्यानं ते खाल्लं आहे, सकाळ-संध्याकाळ, तुझ्या बोटानं.

काकीनं ढेपांना हात लावला किंवा बाज आत आली, तर पुढचं पत्र तिच्या नावानं येईल. तिला वाचता येत नाही, पण पोस्टमन बद्रीनाथ मोठ्यानं वाचतो आणि पारावर बसून वाचतो.

एक चांगली ढेप शहागडहून येणाऱ्या ट्रकवर पाठव. कांद्याच्या पोत्यांत नको, वास लागेल.

काकासाहेब


निंबोळा
१६ मे

ती. काकासाहेबदादा यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र आईने मला वाचायला लावले. मी वाचले. औषधाविषयीच्या ओळी आल्या तिथे मी दुसरेच वाचले. मी वाचले की दहा जूननंतर आपण नानांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेणार आहोत, तुम्ही तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे आणि तोपर्यंत त्यांना हलवू नये असे ते म्हणाले. आईने दोनदा वाचायला सांगितले. दुसऱ्या वेळी मी पहिल्या वेळेसारखेच वाचले, एकही शब्द बदलला नाही. मग ती म्हणाली, "त्याला वाटतं म्हनायचं आपल्याबद्दल." बाज आत आणण्याचे तिने सोडून दिले आहे.

नानांना ढेपेचा घास देणे मी बंद केले. काल संध्याकाळी मी जवळ गेलो तर त्यांनी तोंड उघडले. मी पाणी घातले. ते त्यांनी गालातून सोडून दिले आणि पुन्हा तोंड उघडले. संपले, असे मी सांगितले. त्यांनी डावा हात उचलून खोलीच्या दाराकडे केला. दाराला ओले पोते होते आणि त्यातून वास येत होता. मला वाटते त्यांना वाटले की आहे आणि मी देत नाही. तसे पाहिले तर ते खरे आहे.

ढेप आज कारभारीबरोबर शहागडला पाठवली. कापडात, मग पळसाच्या पानांत, मग फळीच्या खोक्यात. ट्रकमध्ये मोसंबी होती, ड्रायव्हरने ती पायाशी ठेवून घेतली. बारा राहिल्या आहेत.

तुम्ही मागच्या एका पत्रात साहेब हुंगतात असे लिहिले होते. म्हणून खोलीत जाण्याआधी मी आता दर वेळी आंघोळ करतो. ताप तसाच आहे.

आपला,
भुजंग


औरंगाबाद
१ जून

भुजंग,

ढेप पोचली. साहेबानं सुरी घातली, तुकडा तोंडात धरून डोळे मिटले आणि विचारलं, हे मराठवाड्यात कुणी केलं? मी म्हणालो, मी. एकट्यानं? म्हणालो, एकट्यानं. आता दहा तारीख नुसती नावाला आहे. त्यानं आपल्या वरच्या माणसांनाही आणायचं ठरवलं आहे. तीन गाड्या येतील. दारासमोरचा उकिरडा हलव.

नानाचं तीर्थपुरीच्या एका माणसाकडून बसस्टँडवर कळलं. उन्हाळ्यात म्हातारी माणसं जातातच. दहाव्याला यायला जमलं नाही, त्याच दिवशी साहेबाला ढेप दाखवायची होती. सुतकात ढेपांचा फडका चुकवला नाहीस ना? सुतक माणसांना असतं.

भांडाराचं जरा बदललं आहे. माझ्या मेव्हण्याला तिथं बसवावं लागेल, तो बी.कॉम. आहे आणि साहेबापुढं दहावी नापास माणूस कसा उभा करू? तुला रात्रीच्या चौकीदारीवर घेतो. तुला जागायची सवय आहेच. शहागडवाल्यांना भांडार म्हण की चौकी, त्यांना काय फरक कळतो.

काकीला सांग, पाहुण्यांसमोर पांढऱ्या कपाळानं यायची गरज नाही, आतच बसावं.

काकासाहेब


निंबोळा
५ जून

ती. काकासाहेबदादा यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र काल मिळाले. विचारलेल्या सर्व गोष्टींची उत्तरे क्रमाने लिहितो.

नाना २१ मेच्या दुपारी गेले. मी तेव्हा आत होतो, ढेपा उलटवत होतो. बाज करकरल्याचा आवाज आला. मी ओळखला, कारण नाना डाव्या हाताने बाजेची कड धरून उठायला बघायचे तेव्हा तसा आवाज यायचा. शेवटच्या दोन ढेपा राहिल्या होत्या. त्या उलटवल्या, फडका पिळून जागेवर टाकला आणि मग बाहेर आलो. तोंड उघडे होते. आई पाण्याला गेली होती. ती आल्यावर तिने तुळशीचे पाणी घातले, पण ते बाहेरच आले.

सुतकात मी एकही दिवस फडका चुकवला नाही. ते लोकांनी पाहिले आणि बोलले, ते लिहीत नाही.

दहाव्यानंतर मी आईला बाटलीचे सांगितले. तुमच्या पत्राची वाट पाहिली नाही, म्हणजे आता बद्रीनाथला तसदी देण्याचे कारण उरले नाही. दवाखान्याचे मी खोटे वाचले होते तेही सांगितले. मला वाटले होते ती तुम्हाला शिव्या देईल. तिने एवढेच विचारले, "भरवलं कुणी?" मी म्हणालो, मी. तेव्हापासून ती माझ्या हातचे पाणी घेत नाही. माझी ताटली ओट्यावर वेगळी ठेवते. भाकरी मात्र दोन्ही वेळा ठेवते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "खोली सारवायची हाय." ती सारवली आणि आता ती आत झोपते.

म्हणून ढेपा बाहेर आणल्या आहेत. नानांच्या बाजेवर बाभळीच्या फळ्या टाकून त्यावर मांडल्या आहेत, बाज जिथे होती तिथेच, पत्र्याच्या मधोमध. एकीचा दुसरीला स्पर्श होऊ दिला नाही. मीठपाण्याचा फडका रोज फिरवतो, रोज उलटवतो. पोत्यांना पाणी उरले तर घालतो. तुम्ही लिहिलेत त्यातले मी काहीही सोडलेले नाही. फक्त जागा बदलली आहे. उन्हाळा चार दिवसांचा आहे, हे तुमचेच वाक्य मी लक्षात ठेवले.

पहिल्या दिवशी त्यांना घाम आला. दुसऱ्या दिवशी भरलेल्या चिरा उघडल्या आणि आतले तूप फळ्यांवरून, बाजेच्या सुंभातून खाली गळू लागले. खाली नानांचे गळायचे तिथेच डाग पडला आहे. तिसऱ्या दिवशी दोन ढेपा बसून एकमेकींना टेकल्या, त्या मी वेगळ्या केल्या, एकेक बोटाने, पण पुन्हा टेकल्या. आता उलटवताना हातात येतात तेवढ्याच उलटवतो. माश्या फार आहेत. आज सालीवर पांढरे काही हलताना दिसले. ते फडक्याने पुसून घेतो. कुत्री येतात. भुईमुगाचा वास मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, सकाळी गार असताना थोडा येतो.

दहा तारखेला तिन्ही गाड्या जरूर आणाव्यात. उकिरडा हलवलेला नाही, कारण लवकरच तो लागेल. साहेबांना मी सगळे दाखवीन आणि विचारतील ते सगळे सांगीन, पेवापासून. हे सर्व कोणी केले असे त्यांनी विचारले तर, एकट्याने केलेले नाही, दोघांनी केले, असे सांगणे मला बरोबर वाटते. आई आत बसणार नाही. ती म्हणाली, ती दारातच बसेल.

शहागडला कालच जाऊन सांगितले की भांडार नाही, चौकी आहे. त्यांना फरक कळला. बेबीनंदाचे ते आता दुसरीकडे पाहणार आहेत.

तव्याच्या खुणेविषयी आईने काही म्हटले नाही. पत्र्याच्या आढ्याला खोचलेला एक ताडाचा पंखा मात्र सापडला. दांडा हाताने घासून बारीक झालेला आहे. तो मी ठेवला आहे, आलात की पाहा.

चौकीदारीविषयी कळवले ते समजले. ते काम मी आताच सुरू केले आहे. कुत्री येतात म्हणून रात्री मी ढेपांजवळच झोपतो, पत्र्याखाली, नाना तुमच्याजवळ झोपायचे तसा.

आपला,
भुजंग